समुद्रकाठची सुट्टी आणि अपंगत्व: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

समुद्रकाठच्या शहरांच्या जाहिरातीत लाटा असतात, सूर्यास्त असतो, लाकडी खुर्च्या असतात. बाथरूमचं दार नसतं. आणि व्हीलचेअरवरून फिरणाऱ्या माणसाची सहल बहुतेक वेळा त्या दारातच अडते. खुर्ची ६५ सेंटिमीटर, दार ६० सेंटिमीटर, संपला विषय. म्हणून सहलीची आखणी समुद्रापासून नाही, बाथरूमपासून सुरू करावी असं माझं ठाम मत आहे.

दुसरं, 'तुमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे का?' हा प्रश्न कुणालाच विचारू नका. उत्तर 'हो, हो, या तुम्ही' असंच येतं. त्या 'हो'चा अर्थ रॅम्प आहे असाही होतो आणि आमची दोन पोरं उचलून घेतील असाही होतो. विचारायचं ते सेंटिमीटरमध्ये, आणि उत्तर घ्यायचं ते फोटोत.

१. आधी स्वतःची मापं

घरी बसून एक कागद तयार करा. खुर्चीची रुंदी चाकाच्या बाहेरच्या कड्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत, हात कड्यावर ठेवून मोजा, कारण दारातून बोटंही जायची असतात. लांबी पावलांसकट मोजा. लिफ्टचं दार बंद होताना खुर्ची नव्हे, पायाचे अंगठे अडकतात. वजन, घडी केल्यावरची उंची-रुंदी, आणि बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार, व्होल्ट आणि अँपिअर-तास हेही लिहा.

मग शरीराचं. किती पायऱ्या चढता येतात, कठड्याला धरून का धरल्याशिवाय, किती मिनिटं उभं राहता येतं. कमोडवर सरकताना डावीकडून सरकता का उजवीकडून, हे नक्की लिहा. भिंत चुकीच्या बाजूला असली तर सगळे आधाराचे दांडे असूनही ती जागा तुमच्या उपयोगाची नाही. हा कागद फोनमध्येही ठेवा. पुढे प्रत्येकाला तोच पाठवायचा आहे.

२. समुद्राचं काय करायचंय?

समुद्र बघायचाय, वाळूवर जायचंय का पाण्यात उतरायचंय? या तीन वेगळ्या सहली आहेत. बघण्यासाठी चांगला फरसबंद रस्ता आणि त्याला कमी उंचीचा कठडा पुरतो; खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची साधारण १ मीटर ते सव्वा मीटर, त्यामुळे भक्कम भिंतीचा कठडा असला तर मैलभर फिरून दिसते ती फक्त भिंत. वाळूसाठी पायवाट किंवा चटई लागते. पाण्यासाठी खास खुर्ची आणि माणसं लागतात. कुटुंबात हे आधी बोलून घ्या. 'तिथे गेल्यावर बघू' म्हटलं की एकजण सावलीत चपला सांभाळत बसतो आणि तो कोण, हे सांगायला नको.

पाण्यात उतरायचं असेल तर ऋतूही बघा. बार्सिलोनाच्या नोव्हा इकारिया किनाऱ्यावर अपंग व्यक्तींना समुद्रस्नानासाठी मदत मिळते, पण ती उन्हाळ्याच्या हंगामात. बहुतेक किनाऱ्यांवर असंच असतं. हंगाम संपला की खुर्च्या गोदामात जातात आणि चटया गुंडाळल्या जातात.

३. खोली

हॉटेलला विचारायच्या गोष्टी या:

- रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आणि किती उंबरठे? 'एकच पायरी आहे' यातली ती एक किती उंच?
- रॅम्प असेल तर किती लांब, किती उंचीसाठी? सर्वसाधारण नियम १ ला १२. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांसाठी जवळजवळ साडेपाच मीटरचा उतार हवा. दोन मीटरची फळी टाकून 'रॅम्प आहे' म्हणणारे भेटतात. ती घसरगुंडी आहे, तिच्यावर खुर्ची चढवू नका.
- खोलीचं आणि बाथरूमचं दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती? ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्वतःच्या मापाशी ताडून बघा. ९० असेल तर निर्धास्त. बाथरूमचं दार आत उघडतं का बाहेर? आत उघडणारं दार आतली निम्मी जागा खातं.
- आत खुर्ची वळवायला दीड मीटरचं वर्तुळ मिळतं का? कमोडच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा?
- अंघोळीच्या जागी ओटा, टब का सपाट फरशी? बसायला भिंतीचं आसन किंवा पाठ असलेली खुर्ची मिळेल का? प्लास्टिकचं साधं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं, ते नको.
- पलंग किती उंच? गादीची वरची बाजू खुर्चीच्या आसनाच्या जवळपास हवी, म्हणजे साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. हल्लीच्या जाडजूड गाद्यांनी पलंग पार ७० पर्यंत जातात. उचलयंत्र (माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवणारं) वापरत असाल तर पलंगाखाली त्याचे पाय शिरायला पोकळी आहे का, तेही विचारा.

फोटो मागताना 'मोजपट्टी दारात धरून काढा' असं सांगा. संकोच वाटतो, पण ज्या हॉटेलला एवढं करायचं नाही ते तिथे पोहोचल्यावरही काही करणार नाही. आणि आरक्षणावर ती नेमकी खोली लिहून घ्या. अपंगांसाठीची खोली दुसऱ्याच कुणाला देऊन टाकली जाणं ही फार जुनी तक्रार आहे.

खालचा मजला मागा. आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाही, हे खोली ठरवताना सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. सहाव्या मजल्यावरून समुद्र छान दिसतो, मान्य.

४. जाण्याचा प्रवास

विमानाने जात असाल तर 'व्हीलचेअर हवी' एवढं पुरत नाही. विमान कंपन्यांचे तीन संकेत आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, पण लांब चालता येत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, विमानात आसनापर्यंत मात्र चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत नेऊन बसवावं लागतं. तिकिटावर चुकीचा संकेत पडला तर शिडीच्या पायथ्याशी तुम्ही आणि ज्यांना तुम्हाला उचलायचं माहीतच नाही असे कर्मचारी समोरासमोर उभे राहतात. आपला संकेत निघण्याच्या निदान ४८ तास आधी नोंदवा आणि लेखी उत्तर घ्या.

बॅटरीचं गणित सोपं आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास बरोबर वॉट-तास. २४ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी २४० वॉट-तासांची झाली. घडीच्या खुर्चीची काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंत चालते, ती काढून सोबत केबिनमध्ये न्यायची असते. वर एक सुटी ३०० पर्यंतची, किंवा दोन सुट्या प्रत्येकी १६० पर्यंतच्या. कंपनीची परवानगी तरीही आधी घ्यावी लागते. बॅटरीवरचं लेबल घासून गेलं असेल तर विक्रेत्याकडून पत्र घ्या, कारण सुरक्षा तपासणीत तुमच्या शब्दापेक्षा लेबल मोठं.

स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्या आणि उतरताना दारातच परत मागा. सामानात टाकण्याआधी गादी, पावलं ठेवायच्या पट्ट्या, जॉयस्टिक, जे जे निघतं ते काढून केबिनमध्ये घ्या. उरलेल्या सांगाड्यावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: इथे धरून उचला, इथे धरू नका, ब्रेक इथे सोडा. फोटोसकट असेल तर उत्तम. खुर्ची चढवणाऱ्यांना तुमची भाषा वाचता येईलच असं नाही. जमा करताना तिचे चारही बाजूंनी फोटो काढायला विसरू नका. हे फोटो परतीच्या वेळी लागू शकतात.

रेल्वे आणि बसबद्दल एवढंच: फलाट आणि डब्यातली फट कोण आणि कशाने भरणार, हे चढायच्या आणि उतरायच्या अशा दोन्ही स्थानकांना विचारा. चढवून देणारे पुष्कळ असतात, उतरवायला कुणी नसतं.

५. शहरात

पहिला दिवस मोकळा ठेवा आणि हॉटेलपासून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता स्वतः बघून या. नकाशावर ४०० मीटर दिसतात, पण पदपथ शेवटी उतार न देताच संपला तर पुढे वाहत्या रस्त्यावरून जायचं. जुन्या बंदरवस्त्यांत दगडी फरसबंदी असते. समोरची लहान चाकं दोन दगडांच्या फटीत अडकली की माणूस पुढे फेकला जातो. अशा ठिकाणी मदतनिसाने खुर्ची मागच्या चाकांवर तोलून न्यायची. हे घराजवळ आधी करून बघा.

होडीची फेरी करायची असेल तर भरतीचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. तरंगत्या धक्क्याला जोडलेला पूल भरतीला जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीला तोच उभ्या उताराचा होतो. सकाळी आरामात होडीत गेलेला माणूस दुपारी त्याच धक्क्यावर वर चढू शकत नाही, ते यामुळे.

व्हीलचेअर आत जाईल अशी सार्वजनिक स्वच्छतागृहं कुठे आहेत ते नकाशावर खुणा करून ठेवा. किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. अपंगांचं स्वच्छतागृह म्हणजे झाडू-बादल्या ठेवायची खोली, ही समजूत सगळीकडे आहे.

६. वाळू

साध्या खुर्चीची अरुंद चाकं कोरड्या वाळूत रुततात, त्यातही पुढची लहान आधी. जोर लावून पुढे ढकलू नका. खुर्ची उलटी फिरवा, मागे किंचित कलती करा, मोठी चाकं पुढे घालून ओढत न्या. १०-१५ मीटर यानेही जमतं. त्याहून लांब जायचं तर दुसरा उपाय शोधा. ओढणाऱ्याची कंबर हेही सहलीचं भांडवलच आहे.

पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर खुर्ची बरी चालते. अडचण मधल्या भुसभुशीत पट्ट्याची. तो ओलांडायला चटई किंवा लाकडी वाट असते, पण ती किती लांब जाते ते विचारा. पुष्कळ वाटा वाळूच्या मध्यावरच संपतात; बांधणाऱ्यांना वाटतं, इथवर आलात ना, दिसतो की समुद्र. आणि ती आज जागेवर आहे का, हेही विचारा. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये पाण्याच्या दिशेने जाणारी लाकडी वाट सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात मंदोस चक्रीवादळात तिचं नुकसान झालं. पुढे ती दुरुस्त केली गेली. समुद्राशेजारी बांधलेल्या कुठल्याही गोष्टीचं असंच असतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या फोटोवर विसंबून जाऊ नका.

भरती-ओहोटी समजून घेतली की निम्मं काम होतं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटं पुढे जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. व्हीलचेअरवाल्यांना भांगाचे दिवस सोयीचे. ओहोटी पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी घट्ट वाळूवर उतरा आणि पाणी फिरलं की निघा. रुतलेली खुर्ची आणि चढतं पाणी ही जोडी वाईट.

७. पाण्यात

किनाऱ्यावरची खास खुर्ची म्हणजे फुग्यासारखी जाड चाकं आणि गंज न लागणारा सांगाडा. काही प्रकार पाण्यात तरंगतात. ती स्वतःच्या हाताने चालवता येत नाही, ढकलायला माणूस लागतोच. सोबत कोण येणार का किनाऱ्यावरचा मदतनीस मिळणार, ते आरक्षण करतानाच ठरवा. एक गोष्ट माहितीपत्रकात नसते: या खुर्च्या खोल आणि मागे कललेल्या असतात, त्यामुळे आत बसणं सोपं आणि बाहेर निघणं अवघड. उचलयंत्र आहे का, हे म्हणून विचारायचं. ग्रीसमधल्या अनेक किनाऱ्यांवर सीट्रॅक नावाची सौरऊर्जेवर चालणारी सोय आहे. रुळावरचं आसन रिमोटच्या बटणाने पाण्यात जातं आणि परत येतं. तिथे पाण्यात उतरताना कुणी ढकलायची गरज नसते.

पाणी शांत हवं, आणि खोली मदतनिसाच्या मांड्यांपर्यंत. तरंगत्या खुर्चीचे पट्टे पाण्यात आवळून बांधू नका. लाटेने खुर्ची उलटली तर ते एका झटक्यात सुटले पाहिजेत. पायात ताकद किंवा संवेदना नसेल तर पाण्यात पाय वर तरंगतात आणि तोल जातो. दंडावरच्या हवेच्या फुग्यांवर भिस्त ठेवू नका, मानेमागे आधार असलेलं, चेहरा पाण्याच्या वर ठेवणारं लाइफ जॅकेटच घ्या. संवेदना नसलेल्या पायांना पाण्यातले बूट घालाच, शिंपल्याने कापलेलं संध्याकाळपर्यंत कळत नाही. गार पाण्याने स्नायू आखडतात, तेव्हा पहिली डुबकी दोन-पाच मिनिटांची. लघवीची पिशवी उतरण्याआधी रिकामी करा. फिट येण्याचा त्रास असलेल्याने पाण्यात एकट्याने जायचंच नाही, कुणीतरी हाताच्या अंतरावर हवं.

८. ऊन आणि कातडी

मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर इजेच्या खाली घाम नीट येत नाही. शरीर तापत जातं आणि माणसाला ते उशिरा कळतं. पाणी फवारायची बाटली, ओला पंचा, टोपी आणि दुपारी ११ ते ४ सावली, यात तडजोड नको. मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) असणाऱ्यांनाही उन्हात अशक्तपणा आणि दृष्टीचा त्रास वाढतो.

खुर्चीचे धातूचे भाग उन्हात इतके तापतात की संवेदना नसलेल्या मांडीला भाजल्याचा फोड येऊ शकतो. उन्हात ठेवलेल्या खुर्चीवर बसण्याआधी हात लावून बघा. ओल्या, वाळू लागलेल्या कपड्यांत बसून राहणं म्हणजे बेडसोरला आमंत्रण. कोरडे कपडे बरोबर ठेवा, दर १५ ते ३० मिनिटांनी बसल्या जागी अंगाचा भार हलवा आणि रात्री झोपण्याआधी आरशात किंवा सोबत्याकडून कातडी तपासून घ्या. लाल डाग दिसला आणि दाब काढल्यावरही गेला नाही, तर दुसऱ्या दिवशीचा बेत रद्द.

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांना उष्णतेत उरलेला अवयव सुजतो, सकाळी घट्ट बसलेला पाय दुपारी टोचतो. जुना पाय असेल तर किनाऱ्यासाठी तोच आणा. इलेक्ट्रॉनिक गुडघा खाऱ्या पाण्यापासून लांब ठेवा. कुबड्यांच्या रबरी टोकांना वाळूसाठी रुंद तळवे मिळतात, घेऊन ठेवा.

९. न दिसणाऱ्यांसाठी, न ऐकू येणाऱ्यांसाठी

अंध व्यक्तीला वाळूवर पांढऱ्या काठीचा उपयोग कमी होतो. कड लागत नाही, आणि लाटांचा आवाज बाकी सगळे आवाज गिळतो. काठीला मोठं गोळ्याचं टोक लावलं तर ती रुतत नाही. वारा कोणत्या गालावर लागतो आणि उतार कुठे आहे यावरून दिशा धरता येते, पण वारा फिरतो, म्हणून सोबत्याशी ठरलेली शिट्टी किंवा हाक असू द्या. फ्रान्समधल्या काही किनाऱ्यांवर मनगटावरच्या यंत्राच्या मदतीने पोहणाऱ्याला पाण्यातली दिशा आवाजाने कळण्याची सोय आहे. मार्गदर्शक कुत्रा असेल तर आपल्या हाताची पाठ वाळूवर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील.

कर्णबधिर व्यक्तीला जीवरक्षकाची शिट्टी ऐकू येत नाही, म्हणून झेंडे पाठ करा: लाल-पिवळा म्हणजे जीवरक्षकांची राखलेली जागा, लाल म्हणजे मोठा धोका, उतरू नका, दोन लाल म्हणजे पाण्यात जायची बंदी. जपानने २०२० मध्ये त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा स्वीकारला, तो ज्यांना भोंगा ऐकू येत नाही त्यांचा विचार करूनच. पाण्यात उतरण्याआधी जीवरक्षकाला भेटून आपल्याला ऐकू येत नाही हे सांगा. हॉटेलात आगीच्या भोंग्याबरोबर इशाऱ्याचा दिवाही लुकलुकतो का ते बघा. श्रवणयंत्रं दमट हवेत बिघडतात, रात्री ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा.

गर्दी-गोंगाट सहन न होणाऱ्यांसाठी, स्वमग्न मुलांसाठी विशेषतः, पहाटेचा किनारा सर्वांत चांगला. विमानतळांवर हिरव्या पट्टीवर सूर्यफुलं असलेली गळ्यातली फीत मिळते का विचारा. बाहेरून न दिसणाऱ्या अपंगत्वाची ही खूण २०१६ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता बऱ्याच देशांत ओळखली जाते.

१०. खुर्चीची निगा

खारं पाणी बेअरिंग खातं. किनाऱ्यावरून आल्याबरोबर, जेवणाच्या आधी, खुर्ची गोड्या पाण्याने धुवा, पुसा, सांध्यांत तेलाचे थेंब सोडा. पुढच्या चाकांच्या आसात केस आणि वाळू गुंडाळली जाते, ती काढा. बॅटरीच्या खुर्चीवर पाइप धरू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि मुळात ती लाटेच्या जवळ नेऊच नका.

सोबत एक जादा ट्यूब, अ‍ॅलन की, छोटा पंप आणि चिकटपट्टी ठेवा. व्हीलचेअर दुरुस्तीचं दुकान सुट्टीच्या गावात मिळेलच असं नाही, पण सायकलवाला बहुधा मिळतो, आणि हवेच्या चाकाचं पंक्चर त्याच्या नेहमीच्या कामातलंच आहे.

परतताना विमानतळ सोडण्याआधी खुर्ची पूर्ण उघडून, बसून, ब्रेक लावून बघा. काही मोडलं असेल तर तिथल्या तिथे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या आणि जातानाचे फोटो जोडा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार (विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा देशादेशांमधला करार) सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ताबा मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. काउंटरवर कुणी 'घरी जाऊन मेल करा' म्हणालं तरी आधी नोंद, मग घर.